कराचीचा मुलगा, मुंबईचा कार्डिनल : व्हॅलेरियन ग्रेशियस

धागाकर्ता : मिरज_जंक्शन

मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा धुरांड्यातून पांढरा धूर निघेपर्यंत आमच्या इमारतीतले बरेच जण टीव्हीसमोर बसून होते. १३३ कार्डिनल मत द्यायला आत गेले होते, त्यात चार भारतीय. विश्रामबागच्या एका मित्राने विचारलं, "आपल्याकडे कार्डिनल कधीपासून व्हायला लागले रे?" म्हटलं, १९५३ पासून, आणि पहिला मुंबईचा. नाव त्याला ठाऊक नव्हतं. खोलीतल्या सहा-सात जणांत कुणालाच नव्हतं. आमच्या घरी ते नाव रोज रात्री तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, घेतलं जायचं. आधी पोपचं, मग कार्डिनल ग्रेशियस, मग आमचे पुण्याचे बिशप, मग आजारी माणसं. म्हणून हा धागा.

थोडी माझी ओळख. मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील लोकोशेडात, मूळ घर गोव्याचं, घरात कोंकणी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. आता सत्तरी ओलांडली.

व्हॅलेरियन ग्रेशियस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० चा, कराचीतला. आई-वडील गोव्याकडचे. आज कराची म्हटलं की परका मुलूख वाटतो, पण तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ साली. चर्चच्या कारभारात तर १९४८ पर्यंत कराची मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. तेव्हा हा मुलगा कराचीहून मुंबईला आला तो घरातल्या घरात, माजघरातून ओसरीवर यावं तसा. याची दुसरी बाजू मला फार वर्षांनी कळली. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कॉर्डेरो कराचीचे आर्चबिशप होते, आणि त्यांचा जन्म १९१८ चा, मुंबईचा! मुंबईला पहिला कार्डिनल कराचीने दिला आणि कराचीला मुंबईने. मधे फाळणी झाली म्हणून ही देवाणघेवाण आपल्याला नवलाची वाटते.

शिक्षण मंगळूरच्या सेमिनरीत आणि मग श्रीलंकेत कँडीला. कँडीची सेमिनरी पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये काढली, ती इथल्याच मुलांतून इथले धर्मगुरू घडावेत म्हणून. हीच सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली, नगर रोडला रामवाडीजवळ. १९२६ मध्ये ते धर्मगुरू झाले, पुढे रोमला शिकून आले. मग आर्चबिशपांचे सचिव, 'एक्झॅमिनर' या चर्चच्या साप्ताहिकाचं संपादन, कॅथेड्रलची जबाबदारी. वक्तृत्व असं की त्यांचं प्रवचन ऐकायला लोक दुसऱ्या चर्चमधून यायचे, असं माझे काका सांगायचे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

मुंबईच्या आर्चबिशपपदाचा एक जुना गुंता होता. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर फार जुने हक्क मिळालेले होते. मुंबईत इंग्रजांचं राज्य आलं तरी ते हक्क काही सुटले नव्हते, त्यामुळे एकाच शहरात दोन दोन बिशपांचे अंमल. शेवटी १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगालने तडजोड केली की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असेल. मुंबईच्या गादीसाठी मुंबईचा माणूस पात्रच नाही, असं हे कागदावर ठरलेलं.

या करारानुसार आधी लिमा नावाचे पोर्तुगीज आर्चबिशप झाले. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्लंडहून जेझुइट या धर्मसंघाचे थॉमस रॉबर्ट्स आले. रॉबर्ट्स यांच्यानंतर पाळी कुणाची? पुन्हा पोर्तुगिजाची. आणि देश स्वतंत्र व्हायच्या बेतात!

रॉबर्ट्स यांनी रोमकडे भारतीय सहायक बिशप मागितला. १९४६ मध्ये ग्रेशियस सहायक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स सरळ मुंबई सोडून इंग्लंडला निघून गेले. राजीनामा मंजूर होईना, कारण करार आडवा येत होता. मग पद नावावर ठेवून खुर्ची रिकामी केली आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती दिला. चार वर्षं असं चाललं. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने तो हक्क सोडला आणि ४ डिसेंबर १९५० ला ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ जानेवारी १९५३ ला, पोप पायस बारावे यांनी त्यांना कार्डिनल केलं. वय ५२. आंजेलो रोन्काल्ली त्याच यादीत होते. १९५८ च्या निवडणुकीत तेच पोप जॉन तेविसावे झाले, आणि त्यांना निवडायला बसलेल्यांत ग्रेशियस होते. पोपच्या निवडणुकीतला पहिला भारतीय मतदार.

मी त्यांना पाहिलं ते एकदाच. डिसेंबर १९६४, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरली होती आणि पोप पॉल सहावे येणार होते. मी नऊ वर्षांचा. वडिलांच्या रेल्वे पासवर निघालो. तेव्हा मिरज-पुणे मीटरगेज. रात्रभर खडखडत पुण्याला पोचायचं, तिथे ट्रंका उचलून मोठ्या गाडीत बसायचं आणि बोरीबंदरला उतरायचं. आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती, तिचा वास कोळशाच्या धुरात मिसळलेला अजून नाकात आहे. वडील धोबीतलावच्या गाववाल्यांच्या कुडीत, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरले. तिथे बायकांना मज्जाव, म्हणून आई आणि आम्ही पोरं कावेलला मावशीकडे.

ओव्हल मैदानावर आम्ही दुपारीच जाऊन बसलो. सतरंजी नव्हती, आईने पदर खाली टाकला आणि मला त्यावर बसवलं. हातात पिवळ्या-पांढऱ्या कागदी पताका. घामाने पताकेचा रंग बोटांना लागला होता. समोर राजाबाई टॉवर आणि त्याच्यापुढे, फार दूर, पोप : एक पांढरा ठिपका. त्याच्या बाजूला लाल ठिपका हलला तेव्हा आईने माझी हनुवटी धरून मान तिकडे वळवली आणि म्हणाली, "तो पळय, आमचो." तो बघ, आमचा. पोप सगळ्यांचे होते. आमचा तो लाल ठिपका.

१९६६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ११ सप्टेंबर १९७८ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याआधी ऑगस्टमध्ये पोप निवडायला रोमला जायचं होतं, पण आजारपणामुळे गेले नाहीत.

कुणाकडे काही आठवणी असतील तर जरूर लिहा.

---

कृष्णाकाठ :
काका, फार सुंदर लिहिलंय. पदरावर बसवलं ते वाचताना माझी आजी आठवली, हरिपूरच्या जत्रेत ती असंच करायची. दोन भाबडे प्रश्न. कार्डिनल म्हणजे बिशपच्या वरची पायरी का? आणि मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल यांच्याच मिशनचं ना?

मिरज_जंक्शन :
ताई, प्रश्न अजिबात भाबडे नाहीत. दीक्षेच्या पायऱ्या तीनच : डीकन, धर्मगुरू, बिशप. कार्डिनल ही चौथी पायरी नाही. पोपनी आपल्या सल्लागारांत कुणाला घेतलं की तो कार्डिनल. पोपची निवड हेच लोक करतात. प्रत्येकाला रोममधलं एक चर्च नावापुरतं दिलं जातं, कारण मुळात पोपला निवडायचे ते रोमचेच धर्मगुरू. ग्रेशियस यांना 'सांता मारिया इन व्हिया लाता' मिळालं होतं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मतदान बंद. म्हणूनच मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस २०२५ च्या निवडणुकीत मत देऊ शकले नाहीत, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना ८० पूर्ण झाली.

वॉनलेस हॉस्पिटल वेगळं. डॉक्टर वॉनलेस अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. १८९४ पासूनचं काम ते. सातारा-सांगलीकडे जुनी ख्रिस्ती घरं बरीचशी प्रोटेस्टंट आहेत, त्यांच्यात पोप नाही आणि कार्डिनलही नाही. आमच्यासारखी कॅथलिक घरं इथे आली ती जास्त करून रेल्वे आणि कॉन्व्हेंट शाळांच्या निमित्ताने. माझा जन्म मात्र वॉनलेसचाच!

---

कराड_नाका :
लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून स्पष्ट लिहितो. माझे आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. पत्री सरकारच्या काळापासून चळवळीतला माणूस. ते म्हणायचे की गोव्यात चर्च पोर्तुगिजांच्या पाठीशी उभं होतं. तुमचे कार्डिनल तर मूळ गोव्याचे. ते कुठे होते तेव्हा?

मिरज_जंक्शन :
तुमच्या आजोबांना आधी नमस्कार. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. गोव्याच्या चर्चचे प्रमुख तेव्हा पोर्तुगीज होते, आणि सालाझारचं सरकार जगभर सांगत फिरायचं की गोवा भारतात गेला तर तिथल्या ख्रिस्ती धर्मावर संकट येईल. एक मात्र लक्षात घ्या, मुंबईच्या चर्चवर गोव्याचा हुकूम चालत नव्हता. पोर्तुगालच्या हक्काला मुंबईतून मुळासकट उखडलं गेलं त्या जागेवर बसलेला माणूस म्हणजे ग्रेशियस. १९५५ मध्ये नेहरू रोमला पोपना भेटले आणि बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपनाही मान्य आहे. सालाझारच्या प्रचाराची हवा त्याने बरीच गेली. आमच्या घरात यावरून दोन तट होते. वडील म्हणायचे गोवा भारताचा. एक आतेमामा लिस्बनचं नाव निघालं की डोळे पुसायचे. एकाच ताटात जेवत होते दोघे.

कराड_नाका :
खुलाशाबद्दल आभार. आजोबांना हे माहीत असतं तर बरं वाटलं असतं.

---

माहुलीकर :
मी साताऱ्याचा. धागाकर्त्यांनी जन्मतारीख लिहिली तेव्हा थबकलो. २३ ऑक्टोबर १९००. त्यानंतर पंधराच दिवसांनी, ७ नोव्हेंबर १९०० ला, आमच्या साताऱ्यात राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भीवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. आता हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दोन्ही मुलं मुंबई इलाख्यातली.

आमचं घर ख्रिस्ती आहे, पणजोबांपासून. कॅथलिक नाही. पणजोबा ज्या वस्तीतून आले ती गावाबाहेरची. चर्चमध्ये गेल्यावर सगळं बदलेल असं त्यांना वाटलं होतं. काही बदललं, हे मान्य करतो. शाळा मिळाली, आजी नर्स झाली. पण लग्नाच्या बोलणीत जात तशीच विचारतात, अगदी आजही. म्हणून मला विचारावंसं वाटतं, पहिला भारतीय कार्डिनल १९५३ मध्ये झाला, मग पहिला दलित कार्डिनल व्हायला किती वर्षं लागली?

मिरज_जंक्शन :
६९ वर्षं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, २७ ऑगस्ट २०२२. आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यातले. गरिबीमुळे सातवीनंतर शाळा सुटली होती, मिशनऱ्यांनी पुन्हा शिकायला घातलं. पहिले तेलुगू कार्डिनलही तेच. २०२५ मध्ये मत देणाऱ्या चार भारतीयांत ते होते. ६९ हा आकडा माझ्या चर्चला शोभणारा नाही, आणि त्याची सबब मी सांगणार नाही.

माहुलीकर :
सरळ उत्तर दिलंत, आभारी आहे. इथल्या वाचकांसाठी आणखी एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. माझ्या चुलतभावाच्या दाखल्याचा कागद याच एका ओळीवर अडला. कार्डिनल झालेल्या माणसाच्या गावातल्या पोरांनाही हीच ओळ लागू आहे.

---

यवतेश्वर :
धागा माहितीपूर्ण आहे, पण त्या इंग्रज रॉबर्ट्सचं एवढं कौतुक कशाला? १९४६ मध्ये इंग्रज जाणारच होते. गव्हर्नर गेले, कलेक्टर गेले, तसे हेही गेले. शिवाय मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडे मनात जी शंका आहे ती काही हवेतून आलेली नाही.

मिरज_जंक्शन :
शंका आहे हे मला ठाऊक आहे, लहानपणापासून झेललीही आहे. पण रॉबर्ट्स यांचं उदाहरण त्या शंकेच्या विरुद्ध जातं म्हणूनच लिहिलं. गव्हर्नरला दिल्लीच्या आणि लंडनच्या निर्णयाने जावं लागलं. रॉबर्ट्स यांना कुणीही जा म्हटलं नव्हतं, उलट रोम राजीनामा घेत नव्हतं. ते मुंबईत नुसते बसून राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. वय जेमतेम त्रेपन्न. निघून गेल्यावर त्यांना दुसरं बिशपपदही मिळालं नाही. पुढे इंग्लंडमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले.

यात माझा स्वतःचा सल आहे. इकडच्या एका छोट्या संस्थेत मी १४ वर्षं सचिव होतो. आठव्या-नवव्या वर्षी एक हुशार मुलगी तयार झाली होती, हिशेब माझ्यापेक्षा चोख. मी म्हणायचो, तिला अजून थोडं शिकू दे. ती कंटाळून नोकरी घेऊन हैदराबादला गेली. तयार माणूस समोर असताना जागा करून देणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. आणि ग्रेशियस यांची बाजूही पाहा. चार वर्षं पूर्ण कारभार ओढला, पण पाटीवर नाव दुसऱ्याचं. करार सुटला नसता तर एखादा पोर्तुगीज येऊन बसला असता आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं असतं. तरी त्यांनी काम थांबवलं नाही.

यवतेश्वर :
संस्थेचं लिहिलंत ते मनाला लागलं. मिशनऱ्यांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण रॉबर्ट्सपुरता शब्द मागे घेतो.

---

वाईची_सून :
माहेर वसईचं, सासर वाईचं, दोन्हीकडून रामराम. माझ्या सासऱ्यांच्या तिकीट संग्रहात २ डिसेंबर १९६४ चं पंधरा पैशांचं तिकीट आहे, संत थॉमसचं. पोप मुंबईत उतरले त्याच दिवशी टपाल खात्याने काढलेलं. सासरे हिंदू, पण तिकीट जपून ठेवलंय कारण पोपनी मुंबईतल्या भाषणात 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना सांगितली होती. सासरे ती रोज म्हणतात.

मिरज_जंक्शन यांनी ग्रेशियस यांच्या नंतरच्यांबद्दल लिहिलं नाही म्हणून थोडी भर. सायमन पिमेंता, जन्म १९२० चा, मरोळचा. ईस्ट इंडियन समाजातले, म्हणजे मुंबईचे मूळ रहिवासी, बोली मराठी. १९८८ मध्ये कार्डिनल झाले. आमच्या वसईत ग्रेशियस यांच्याबद्दल आदर होता, पण पिमेंतांबद्दल आपलेपणा होता. त्यांच्यानंतर आयव्हन डायस, तेही मुंबईचेच, वांद्र्याचे. त्यांचं बरंच आयुष्य पोपचे राजदूत म्हणून परदेशात गेलं.

आणखी एक. ग्रेशियस यांच्या काळात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. माझी आजी सांगायची, पहिल्यांदा मराठीत 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' कानावर पडलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आयुष्यभर ओठ हलवले होते, अर्थ त्या रविवारी कळला. मला विचाराल तर आमच्यासाठी त्या काळातली सगळ्यात मोठी घटना हीच. कार्डिनलची लाल टोपी त्यानंतर.

मिरज_जंक्शन :
ताई, हे मी लिहायला हवं होतं. मिरजेत आमच्याकडे उलट झालं. मराठी मिस्सा आली तेव्हा आईला वाईट वाटलं. तिला लॅटिन कळत नव्हतं, पण पाठ होतं. ती म्हणायची, देवाची भाषा शेजारणीच्या भाषेसारखी कशी वाटेल? वर्ष-दीड वर्ष कुरकुर केली. मग एका दफनविधीला मराठी प्रार्थना ऐकून शेजारच्या हिंदू बायकाही रडल्या. तेव्हापासून आईची तक्रार थांबली.

---

कृष्णाकाठ :
१९६४ च्या त्या भेटीतली मोटारीची गोष्ट कुणी लिहिली नाही! पोपना वापरायला अमेरिकेतल्या लोकांनी पांढरी लिंकन गाडी दिली होती. जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी गाडीत पाऊलही न टाकता तिची सोडत काढली आणि ते पैसे कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीला लावले. मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग हॉस्पिटलच्या कामाशी आमचं घर जोडलेलं आहे, म्हणून ही गोष्ट आमच्याकडे फार सांगतात. काका, एक विचारू? १९७८ मध्ये कार्डिनल गेले तेव्हा तुमच्या आई होत्या का?

मिरज_जंक्शन :
होत्या. तो महिनाच विचित्र होता. ऑगस्टमध्ये पोप पॉल गेले, नवे पोप आले, सप्टेंबरच्या ११ तारखेला कार्डिनल गेले आणि महिना संपायच्या आत नवे पोपही गेले, ३३ दिवसांत. आमच्याकडे बातमी रेडिओवर आली. आई भाकऱ्या थापत होती. तिने परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि भिंतीवरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. पिमेंता आधीच उत्तराधिकारी म्हणून नेमलेले होते, त्यामुळे मुंबईची जागा एक दिवसही रिकामी राहिली नाही.

त्या रात्री तेर्साला पोपच्या नावानंतर ती थांबली. वडिलांनी हळूच म्हटलं, "पिमेंता." तिने मान हलवली, आणि पुन्हा ग्रेशियसच म्हणाली. पिमेंतांचं नाव तिच्या तोंडी बसायला नाताळ उजाडला.